अध्यक्षांना भागू नये

कुंभवण्यात प्रत्येक मुलाला अक्षरओळखीआधी एक नियम सांगतात: अध्यक्षांना भागून पाहायचं नाही. शाळेच्या संस्थेवर गेली एकतीस वर्षं ऐंशी लाख एकवीस हजार नऊशे सत्तेचाळीस ही संख्या बिनविरोध अध्यक्ष आहे. तिला कशानेही भाग जात नाही, ही तिची एकमेव पात्रता.

त्यामुळे शाळेतही कशाचे भाग करत नाहीत. पंधरा ऑगस्टला बर्फी न कापता अख्खं ताट पहिल्या मुलाला देतात. सातवीची एकशे सहा मुलं एकाच खोलीत कोंबलेली असतात. मंगळवारी त्यातली एक मुलगी गुदमरून पडली. म्हणून गणिताच्या शलाकाबाई दुसऱ्या तुकडीचा अर्ज घेऊन सभेत उभ्या राहिल्या. बाई म्हणजे तेवीस वर्षांची, अजून कायम न झालेली पोरगी.

"अध्यक्षांना भाग जात नाही, तिथं वर्गाला कसा जाईल?" चिटणीस भाऊकाका तोरसकर म्हणाले. अध्यक्ष आरामखुर्चीत रेलले होते.

"जात नाही हे तपासलं कुणी?"

"आम्ही! मी आणि आबांनी. दोनापासून हजारापर्यंत एकेका आकड्याने भागलं. चार महिने लागले."

"आणि हजारानंतर?"

"वही संपली," जुने सभासद आबा गवाणकर म्हणाले.

"दुसरी वही नव्हती?"

"अगं, हजारांना जो बधला नाही, तो पुढच्यांना काय बधणार?"

शलाकाला हसू आलं. याच आबांनी तिला बारावीला गणित सोडायला सांगितलं होतं, बायकांचं डोकं शिणतं म्हणून.

"निदान अठ्ठावीसशे बत्तीसपर्यंत तरी जायला हवं होतं, आबा. वर्गमूळ तिथे आहे. तुम्ही थांबलात, त्याच्या तेराच घरं पुढे उत्तर होतं." तिने फळ्यावर लिहिलं: १०१३ × ७९१९. खाली बाकी लिहिली: शून्य.

भाऊकाकांनी पडताळा घेतला. मग पुन्हा घेतला, बोटांवर. मग आवाज मऊ केला.

"बाळा, बाकी एक लिही. एकच तर. पुढल्या महिन्यात तुला कायम करतो."

"आणि मुलं?"

"मुलांना सवय आहे."

"नाही लिहिणार. एक नाही, अर्धाही नाही. मला काढायचं तर काढा, पण फळा मी पुसणार नाही."

आरामखुर्चीतून कुणीतरी खाकरलं. पाठोपाठ आणखी कुणीतरी.

"दुसरी खुर्ची मिळेल का?" अध्यक्षांनी विचारलं.

मंडळींपैकी कुणी हललं नाही. शलाकाने स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. एक हजार तेरा तिच्यावर बसले. सात हजार नऊशे एकोणीस होते तिथेच राहिले, जरा ऐसपैस.

"हं, तुकडीचा विषय," दोघे म्हणाले. "कुणाची हरकत?"

भाऊकाकांनी आबांकडे पाहिलं. आबांनी फळ्याकडे. मग भाऊकाकांनी दुसऱ्या तुकडीच्या अर्जावर सही केली.