क्वाकूची डावी नळी

"न्हिराने खाल्लं का?" सेरवाने कामावरून फोन कानाला लावत विचारलं. सकाळपासून लेकीबद्दलचा हा प्रश्न तिने इतक्यांदा विचारला होता, की सासूबाईंनी, म्हणजे एनांनी, शेवटी फोन स्पीकरवर टाकून अंगणातल्या स्टुलावर ठेवून दिला होता. एनांचे हात फुफूत, उकडलेल्या कंदांच्या कुटलेल्या गोळ्यात, गुंतले होते. सेरवाची जाऊ उखळात मुसळ घालत होती आणि दोन घावांच्या मधल्या फटीत एना गोळा उलटवत होत्या. कुमासीतल्या त्या सामाईक अंगणात फुफूची वेळ म्हणजे झाडून सगळी बिऱ्हाडं बाहेर असण्याची वेळ.

"खाल्लं, आणि झोपलीसुद्धा. तू तुझं काम कर गं बाई," एना म्हणाल्या.

सेरवाचं काम तसं सांगायला सोपं होतं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांची स्कॅनमधली चित्रं घ्यायची, त्यांवरून संगणकात तशाच नळ्या उभ्या करायच्या, आणि त्यांत खोटं रक्त सोडून ते कुठे अडतं ते बघायचं. रुग्णाचं नाव आधी पुसून टाकायचं, असा नियम. मग उरायचे नुसते आकडे, आणि आकड्यांत सगळ्यांचाच घोळ व्हायचा. म्हणून सेरवाने तोडगा काढला होता. आपल्याकडे माणसाला जन्मवाराचं नाव मिळतं. संगणकाच्या लेखी माणूस जन्मतो तो स्कॅनच्या दिवशी. तेव्हा सोमवारचा स्कॅन कोजो, बुधवारचा क्वाकू, गुरुवारचा यॉ, शुक्रवारचा कोफी. सगळे खूश.

खरी अडचण वेगळीच होती. तुलनेसाठी पन्नाशीपुढची धडधाकट माणसं हवी होती आणि ती यायला तयार नव्हती. "बरा आहे मी. मशीनला दाखवून दुखणं कशाला ओढवून घेऊ?" असं जो तो म्हणायचा. महिनाअखेरपर्यंत माणसं आली नाहीत तर अभ्यास गुंडाळायचा असं ठरलं होतं, आणि अभ्यासाबरोबर सेरवालाही.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून तिचा सहकारी यॉ ओरडला, "काय झालं गं? पडदा लाल कशाने झाला?"

फोन कानाशी तसाच धरून सेरवा वैतागली. "क्वाकू गेला रे! डावी नळी पार बंद, रक्त पुढे सरकतच नाही. कालपासून नुसता रखडत होता, आता संपला. काढून टाक त्याला, उगाच जागा अडवतोय. उद्या नवा घेऊ."

फोनमधलं मुसळ थांबलं. सेरवाला वाटलं, रेंज गेली.

आता सेरवाच्या सासऱ्यांचं नाव क्वाकू. बुधवारचा जन्म, दुसरं काय असणार?

संध्याकाळी ती घरी पोचली तर फाटकापुढे टेम्पोतून प्लास्टिकच्या खुर्च्या उतरत होत्या. तिने आधी धावत जाऊन न्हिराला उचललं, तिचं कपाळ चाचपलं. गार होतं. मग तिचं लक्ष अंगणाकडे गेलं. मधोमध अग्या, म्हणजे सासरे, इस्त्री केलेलं कापड खांद्यावर घेऊन कमालीच्या अपमानित चेहऱ्याने बसले होते. शेजारी त्यांचे थोरले भाऊ फोनवर अंत्यविधीचा दिवस ठरवत होते; तो आपल्याकडे शनिवारीच होतो.

"या महिन्यातले सगळे शनिवार भरलेत म्हणतोय मांडववाला," थोरले काका म्हणाले. "पुढच्या महिन्यातला चालेल?"

"मला विचारतोस? चालेल. तोवर थांबतो मी," अग्या म्हणाले.

"नवा घेऊ म्हणाली!" एनांनी डोळ्यांना अंगावरच्या कापडाचं टोक लावलं. "मी आता या वयात..."

"तुला कोण देतंय नवा?" अग्या गरजले.

"अग्या, तुम्ही नाही हो! तो संगणकातला क्वाकू!"

"मला संगणकात कधी घातलंस?"

"तुम्हाला नाही घातलं. तो दुसराच कुणीतरी. त्याचं नावसुद्धा मला माहीत नाही."

"नाव माहीत नाही आणि क्वाकू म्हणतेस?"

"स्कॅन बुधवारी झाला म्हणून..."

थोरले काकाही बुधवारचेच होते. त्यांनी फोन खाली ठेवला आणि हळूच छातीवर हात ठेवला. "म्हणजे हे दुखणं बुधवारवाल्यांचं आहे तर!"

सेरवा रात्री जेवेपर्यंत समजावत राहिली. कुणाला पटलं नाही. अग्यांचं तर भलतंच चालू होतं. "जागा अडवतोय म्हणे," ते फुफूचा घास मोडत पुटपुटले. "माझ्याच घरात."

दुसऱ्या दिवशी सकाळी सेरवाच्या दवाखान्याच्या दारापासून केळीवालीच्या गाडीपर्यंत रांग लागली होती. पुढे अग्या आणि थोरले काका, मागे चर्चचा पेटीवाला, दोन निवृत्त मास्तर, आणि खुद्द मांडववाला. अभ्यासाचे प्रमुख प्राध्यापक अम्पोन्सा आनंदाने हात चोळत नावं विचारत निघाले.

"क्वाकू."

"क्वाकू."

"क्वाकू. डावी बाजू जरा नीट बघा, साहेब."

स्कॅन भराभर झाले. पण तो गुरुवार होता, त्यामुळे सगळे क्वाकू संगणकात शिरले ते यॉ होऊन. संध्याकाळी एका यॉची नळी अरुंद निघाली, तेव्हा खऱ्या यॉने बसायला खुर्ची मागितली. ती नळी मांडववाल्याची होती. त्याला लगेच डॉक्टरांकडे धाडलं. वेळेवर आलात, असं ते म्हणाले. अग्यांच्या नळ्या मात्र लख्ख निघाल्या. थोरले काका म्हणाले, "असू दे. खुर्च्यांचं काय ते बघतो मी."

प्राध्यापकांचा आनंद तेवढ्यात मावळला. "सेरवा, निम्मंच काम झालं गं. बाकीचे फाटकावरूनच परत जातायत, आम्ही बुधवारचे नाही म्हणून. आणि हा अभ्यास तपासणारे मला विचारतील, कुमासीत माणसं काय फक्त बुधवारीच जन्मतात?"

एना अग्यांना न्यायला आल्या होत्या. न्हिरा त्यांच्या पाठीशी बांधलेली. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"एवढंच ना? मग आधी बोलायचं. वार सांग."

"एना, असं करायचं नसतं..." सेरवा म्हणाली. तिने प्राध्यापकांकडे पाहिलं. प्राध्यापक छताकडे पाहत होते. मग तिने पाठीवर झोपलेल्या लेकीकडे पाहिलं.

"शुक्रवार," ती हळूच म्हणाली.

एना फाटकाबाहेर गेल्या, केळीवालीजवळ थांबल्या, एक लांब उसासा सोडला आणि रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाईल अशा बेताने कुजबुजल्या, "ऐकलंस का गं? कोफीचं काही खरं नाही."