नवलच्या वाटणीचा रोट

ऐक ना! मध्ये बोलू नकोस, आधी ऐक. आपल्या नवलचं काय झालं ते सांगतो, मग हस नाहीतर रड, तुझं तू ठरव.

जळगावला पुनीतशेठचं पाइपचं दुकान आहे ना, तिथला काउंटर म्हणजे नवल, गोडाऊन म्हणजे नवल, आणि शेठच्या घरचा गॅस संपला तर सिलेंडर चढवणाराही नवलच! माणसाला अक्कलदाढ उशिरा का होईना, येते. ह्याला 'नाही' म्हणायची दाढ आलीच नाही!

तर गेल्या श्रावणात, गावच्या घरी शिरपूरला कानबाई देवी बसायच्या आधी, गडी छाती फुगवून बायकोला म्हणाला, "हेमांगी, यंदा कानबाईच्या आरतीला आपण जोडीनं उभं राहायचं! दुकान आणि घर दोन्ही कसं सांभाळतात, ते लोकांनी माझ्याकडून शिकावं!"

नवलचे वडील गेल्यापासून शिरपूरच्या घरातला पुरुष माणूस हा एकटाच. आणि दरवर्षी आरतीला हेमांगी एकटी उभी राहायची, शेजारी नवलचा रिकामा पाट ठेवून.

शनिवारी संध्याकाळी शेठ म्हणाले, "नवल, उद्या मालाची गाडी येतेय."

"हो शेठ."

झालं! हेमांगी पोरीला घेऊन एसटीत बसली आणि नवल पाइप मोजत बसला.

कानबाईला निरोप देऊन ती सोमवारी परत आली, ती पिशवीत रोट घेऊन. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं मूठ मूठ गहू घेऊन करतात बघ, तो रोट. फक्त भाऊबंदांनी खायचा. शेजारी कितीही जिवाभावाचा असो, त्याला कणभरही नाही!

"आईंनी तुमच्या नावाची मूठ टाकली होती," हेमांगी म्हणाली. "हा तुमचा वाटा. घरी बसून खा. शांतपणे."

"खाणार म्हणजे काय! उद्या सकाळी पहिलं काम तेच!"

सकाळी पहिला फोन शेठचा आला. नवलनं रोट डब्यात कोंबला आणि पळाला.

दुपारी गिऱ्हाईक सोडून मागे येतो तर काय! शेठ डब्यासमोर मांडी घालून बसलेले! त्यांची बायकापोरं पुण्याला, जेवणाचे रोजचेच हाल.

"नवल, हे काय रे? कांदा-लसूण नाही ना यात?"

"नाही शेठ, पण..."

"पण काय?"

नवलच्या घशात अख्खी भावकी येऊन उभी राहिली! आणि बाहेर काय पडलं? "पण... गार झालंय."

शेठनी बोटंसुद्धा चाटली.

संध्याकाळी हेमांगीनं डबा उघडला. "रोट खाल्लात?"

"खाल्ला गेला."

"खाल्ला गेला म्हणजे? कोणी खाल्ला?"

त्या रात्री नवलला जेवण मिळालं, पण वाढणारं माणूस बोललं नाही. सासूला मात्र तिनं फोन लावला. आणि तिसऱ्या दिवशी सुंदरबाई, म्हणजे नवलची माय, टोपी-नारळ घेऊन थेट दुकानात हजर!

"माय, तू इथं?"

"तू गप बस रे! बाहेरना मानूस रोट खाई गया. आते उपाय एकच शे." आणि शेठच्या डोक्यावर टोपी ठेवून म्हणते कशी, "शेठ, आमना रोट खाधा ना तुम्ही? मंग आते तुम्ही आमना भाऊबंद! पुढला साले तुमना नावनी बी मूठ टाकसू. येनं पडी!"

नवलला वाटलं, गेली नोकरी! पण शेठचे डोळे भरून आले. "मला इतक्या हक्कानं कोणी बोलावतच नाही हो, आई."

आणि आपला नवल? खूश! घरी येऊन म्हणाला, "आता शेठच भाऊबंद! पुढच्या वर्षी सुट्टी पक्की!"

हेमांगी इतकंच म्हणाली, "यंदा पाट रिकामा राहिला. पुढच्या वर्षी राहिला, तर मी तिकडंच राहीन."

वर्षभर गडी ॲसिडिटीच्या गोळ्या चघळत श्रावणाची वाट बघत होता. आला श्रावण. धीर करून म्हणाला, "शेठ, यंदा कानबाईला..."

"अरे, मीच सांगणार होतो! मी शनिवारीच निघतो शिरपूरला. आईंचे किती फोन! तू दुकान बघ, मालाची गाडी येतेय."

"पण शेठ..."

"पण काय?"

"पण... रस्त्यात खड्डे आहेत. सावकाश जा."

रविवारी पोरीचा व्हिडिओ कॉल आला. "पप्पा, बघा! काका तुमच्या पाटावर बसले!" मागे कानबाई सजलेली, बठ्ठी म्हणजे अख्खी भावकी गोळा झालेली, शेठच्या डोक्यावर तीच टोपी. हेमांगी आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिनं फोनकडे पाहिलंच नाही.

नवल पाइपांच्या बंडलावर बसून राहिला, गार चहा घेऊन. मालाची गाडी त्या दिवशी आलीच नाही.

मंगळवारी शेठ आले, एकटेच. हेमांगीचा निरोप होता, चार दिवस राहते म्हणून. चार दिवस म्हणजे नेमके किती, ते तिनं सांगितलं नव्हतं.

"आणि हे बघ, तुझा रोट आईंनी माझ्याकडेच दिला होता," शेठनी पिशवीतून रिकामं फडकं काढलं. "चोपड्याजवळ गाडी पंक्चर झाली रे. भूक अशी लागली! म्हटलं, भाऊबंदाचा भाऊबंदानं खाल्ला. चालतं ना?"

फडक्याला मायच्या हातच्या गाठीच्या सुरकुत्या तशाच होत्या. कोपऱ्यात एक कण चिकटला होता. नवलनं तो बोटावर घेतला, जिभेवर ठेवला.

"चालतं शेठ," म्हणाला. फडक्याची घडी करून खिशात ठेवली आणि मालाची गाडी उतरवायला गेला. ती बरोब्बर तेव्हाच आली होती!

अरे, हसतोस काय! तू सांग ना, तू असतास तर काय म्हणाला असतास?