धारवाडकर सरांची टोपी

आमच्या खालच्या मजल्यावरचे धारवाडकर सर वाक्य नीट सुरू करतात आणि शेवटी मुद्दाम भलताच शब्द घालतात. ह्यांची हवाई दलातली बदली चंदीगडला झाली, तेव्हा सर पहिल्यांदा जिन्यात भेटले. "या वहिनी, मराठी माणूस भेटला, बरं वाटलं. इथे थंडी फार. रात्री अंगावर दोन-दोन फरशा घ्याव्या लागतात." मी दचकले. त्यांनी माझ्या कपाळाकडे रोखून बघितलं आणि समाधानाने विचारलं, "टोचलं ना?"

सर मेंदूच्या लहरींवर संशोधन करतात. वाक्यात न बसणारा शब्द कानावर पडला की क्षणात मेंदूत एक लहर उठते म्हणे. भाषाच येत नसेल तर उठत नाही. बरं, हा उद्योग माणसाने प्रयोगशाळेत करावा की नाही? हे भाजी घेतानाही सांगतात, "भैया, मटर के साथ एक किलो चप्पल देना." भाजीवालाही मुरलेला. "चप्पल बाईस सेक्टर में मिलेगी जी," म्हणतो आणि मटार तोलतो.

इथे मराठी डोकी मिळणं मुश्किल, त्यामुळे मराठी मंडळात गणपतीची आरती संपली की सर दाराशीच उभे. मीही सापडले. डोक्याला वायरींची टोपी, केसांत चिकट जेल आणि वर दम, "बोलायचं नाही, हलायचं नाही. जबडा हलला की रेघा बिघडतात." मी एकदा नुसता आवंढा गिळला, तर केवढे रागावले. पुढे दोन दिवस मी केसच धूत होते.

मग एकदा चहाला आले आणि भलता शब्द न घालता बोलायला लागले, तेव्हा मात्र मला काळजी वाटली. त्यांची सई नववीत आहे. आई गेल्यापासून पोरगी घरात मराठी बोलत नाही. काहीही विचारा, उत्तर हिंदीत.

"विसरली असेल का हो?" सर म्हणाले. "तिची आई तिच्याशी मराठीतच बोलायची. ते सगळं पुसलं गेलं असेल तर? विचारायची भीती वाटते. टोपी घातली की कळेल. वाक्यं तुम्ही वाचा, माझा आवाज टिकायचा नाही."

रविवारी प्रयोगशाळेत सईच्या केसांना जेल मीच लावलं. "आंटी, पापा पागल हैं," ती म्हणाली.

"ते सगळ्या सेक्टरला माहीत आहे. आता गप्प बस."

सर पडद्याला डोळे लावून बसले. मी दोन-चार साधी वाक्यं वाचली. मग सरांनी लिहून दिलेलं पुढचं वाचलं, "आई पोळ्या करून कपाटात ठेवायची."

सई वायरींसकट माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "कपाटात नाही, डब्यात. आणि पहिली पोळी मला द्यायची. गूळ-तूप लावून."

पडद्यावरच्या सगळ्या रेघा वेड्यावाकड्या झाल्या. माझ्या एका आवंढ्यावरून रागावलेले सर पडद्याकडे पाठ करून तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"आणखी काय करायची?" त्यांनी विचारलं.