ओगले डॉक्टरांच्या रात्री

रात्री ओगले डॉक्टरांच्या दाराची कडी वाजवली की आधी आतून शिव्या यायच्या, मग कंदिलाचा उजेड आणि मग डॉक्टर. हा क्रम कधी चुकला नाय. शिव्या आईबहिणीच्या नसत. माणूस वाईचा, पोथीपुराणाच्या घरातला, तसल्या शिव्या त्यांच्या तोंडात बसत नसत. ते गावांना शिव्या द्यायचे. "कापडे समुद्रात बुडवा. लोहारे पेटवून द्या. पितळवाडीला माणसं राहतातच कशाला, तिथं माकडं बरी होती." तोंड चालू असताना आत पँट चढत असे, बूट शोधला जात असे. शिव्या थांबल्या की दार उघडे आणि डॉक्टर कोट घालून, बॅग घेऊन तयार. पहिल्यांदा आलेली माणसं रोग्याला उचलून परत पळायला बघायची. मी म्हणायचो, थांबा रे, अजून एकच बूट झालाय.

मी त्या दवाखान्याचा शिपाई. दवाखाना पोलादपूरच्या वरच्या अंगाला. गावाचं नाव लिहीत नाय, तिथले लोक वाचतील आणि भांडायला येतील. शाळा मला चौथीपुढं मानवली नाय. रात्री रोगी आला की आधी माझ्या खोलीशी यायचा, मग मी डॉक्टरांना उठवायचं. माझ्या हातून गेल्याशिवाय रात्रीचा एकही माणूस डॉक्टरांपर्यंत पोचत नसे, सरकार पगार त्याचाच देत होतं. माझी बायको सगुणा तेवढ्यात चूल पेटवून सगळ्यांना कोरा चहा टाकायची. आता ती नाय. तिच्या माघारी पहिल्या रात्री मी कशा काढल्या ते या डॉक्टरांशिवाय सांगता येत नाय, म्हणून लिहायला बसलो. नायतर कागद खराब करायची मला हौस नव्हती.

लोक समजतात डॉक्टरला सेवेची आवड असते. ओगल्यांना नव्हती आणि ते लपवत नसत. मला म्हणायचे, "धोंडू, दिवसा मी डॉक्टर असतो. रात्री मी झोपमोड झालेला बैल असतो. बैलाच्या हातचं औषध घेणाऱ्यांची मला कीव येते." रोगी समोर आला की पहिला प्रश्न ठरलेला: "दिवसा काय सूर्य मेला होता?" ताप असो, साप असो, प्रश्न हाच. एकदा अडलेली बाई आली. त्यांनी तिच्या सासूला तेच विचारलं. सासू कापड्याची, ऐकून घेणारी नव्हती. म्हणाली, "डागतर, तुमी सोता दिसा जल्मलाव का राती?" डॉक्टर हात धुता धुता थांबले. "रात्री," ते म्हणाले, "म्हणून आई अजून बोलून दाखवते." मग आत गेले आणि पोर सुखरूप बाहेर काढलं. वर त्या पोरालाही सुनावलं, की आलास ते आलास, वेळ तरी बघायचीस.

एकदा वरून मोठे साहेब तपासणीला आले. तेही डॉक्टरच. त्यांनी आमच्या पडवीत भाषण केलं, की रात्रीची हाक ही देवाची हाक समजा. सगळ्यात मोठ्यानं टाळ्या ओगल्यांनी वाजवल्या. साहेब कोंबडी जेवून सरकारी बंगल्यावर झोपायला निघाले आणि मला बजावून गेले, सकाळी चहाच्या आधी मला कोणी उठवायचं नाय. त्या रात्री इंचू चावलेला एक गडी आला. ओगले म्हणाले, देवाची हाक आहे, बंगल्यावर घेऊन चल, आणि स्वतः सुई भरून आमच्या मागनं निघाले. साहेबांनी खिडकी बोटभर उघडली, गडी ओरडत होता तो ऐकला आणि म्हणाले, "इथे कशाला आणलात? डॉक्टरकडे न्या." ओगल्यांनी तिथंच पायरीवर त्याला सुई टोचली. मग पुढं कितीतरी दिवस कोणी काय विचारलं की म्हणायचे, डॉक्टरकडे न्या.

आता रोगी रात्रीच का यायचे ते सांगतो. आमच्याकडं डोंगरातल्या वाडीत माणूस आजारी पडला की आधी देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर फुलं चिकटवतो. उजवं पडलं तर माणसाला खाली न्यायचं, डावं पडलं तर थांबायचं. गुरव दिवसभर नांगरावर, म्हणून कौल सांजचा. कौल मिळाला की घोंगडीची डोली करायची, बांबूला बांधायची आणि चौघांनी उचलायची. दवाखान्यात पोचेपर्यंत मध्यरात्र.

डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते पेटले. एका रविवारी डोंगर चढून गुरवाकडं गेले, बरोबर मला नेलं. म्हणाले, कौल सकाळी लाव. गुरव म्हणाला, देवाला इचारावं लागंल. विचारलं. फूल डावं पडलं.

डॉक्टर म्हणाले, "फूल सुकलं होतं. ताजं लाव."

ताजं लावलं, तेही डावं पडलं. डॉक्टर म्हणाले वारा आहे, आणि स्वतः दारात आडवे उभे राहिले. घरात देवाला फूल न वाहणारा माणूस त्या काळ्या दगडाकडं असा रोखून बघत होता की देवालाच भीड पडली असणार. उजवं पडलं. डॉक्टरांनी नारळ फोडला आणि डोंगर उतरताना चक्क शीळ घातली.

मग काय झालं? सकाळी कौल मिळायला लागला. वाडीतली माणसं म्हणाली, देवानं हो म्हटलंय, आता घाई कशाला. दिवसाचं काम उरकायचे, भाकरी खायचे आणि मग डोली उचलायचे. पोचायची वेळ तीच, मध्यरात्र. फरक इतकाच, की दुपारी आजारी पडलेला माणूस आता दुसऱ्या रात्री यायचा, जास्त खंगून. आठवडाभरात डॉक्टर पुन्हा डोंगर चढले. कौल आपला सांजचाच बरा, म्हणाले. गुरव म्हणाला, त्याला बी कौल लावावा लागंल. या वेळी फूल पहिल्या झटक्याला उजवं पडलं. उतरताना शीळबीळ काय नव्हती.

असा हा माणूस. बायको मुलांच्या शाळेपायी वाईला. एक पावसाळा आली होती, पायाला जळवा चिकटल्या त्या बघून जी गेली ती गेलीच.

त्यानंतरच्या वर्षी सगुणाला कावीळ झाली. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. महाडाहून दुसरे डॉक्टर आणले. काय उपयोग झाला नाय. दिवे लावायच्या वेळी ती गेली. डॉक्टर बाहेर येऊन ओट्यावर माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "मला जमलं नाही रे." त्याउपर कधी त्यावर बोलले नायत.

आम्हाला पोरबाळ नव्हतं. दिवस निघायचा, रात्र निघत नसे. खोली अंगावर यायची. मी उठून नदीच्या डोहाशी जाऊन बसायचो. तिथं काय करायला जायचो ते विचारू नका, मला सांगता यायचं नाय. एकदा परत येताना डॉक्टरांनी मला बघितलं. माझं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं. त्यांनी धोतराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बरं झालं भेटलास. व्हिजिटीला जायचंय. कंदील घे."

मी तोवर कधी व्हिजिटीला गेलो नव्हतो. रोग्याच्या घरचेच कंदील धरायचे. पण गेलो. दुसऱ्या रात्रीही डॉक्टर माझ्या दाराशी, तिसऱ्या रात्रीही. डोंगरात चढायचं, उतरायचं, आणि वाटभर त्यांची बडबड: जळवा, सरकार, गुरव, मोठे साहेब. कधी पोचलो की म्हणायचे, घर चुकलं, परत फिरा. परत येईपर्यंत माझे पाय असे मोडून यायचे की पडल्या जागी झोप लागायची. डोहाकडं जायला त्राणच उरत नसे.

मग एका रात्री लोहाऱ्याला एका घराची कडी वाजवली. घरधनी डोळे चोळत आला. म्हणाला, आमच्यात कोन आजारी नाय.

डॉक्टर भडकले. "एवढं मोठं घर आणि एकही रोगी नाही? नीट बघ."

तो बिचारा घाबरून आत गेला. "आये, उठ गो. डागतर आलाय. तुजा गुडगा दुकतो ना?"

म्हातारी अंथरुणातनं म्हणाली, "दुकतो रे, पन तो दिसाचा दुकतो."

मला हसू आलं. सगुणा गेल्यापासून पहिल्यांदा. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि खाली मान घालून म्हातारीच्या गुडघ्याला मलम चोळत बसले.

उतरताना माझ्या डोक्यात उजेड पडला. इतक्या रात्रींत माझ्या खोलीशी कोणी बोलावणं घेऊन आलंच नव्हतं. मग हे निरोप आणत कोण होतं? पुढं डॉक्टर ठेचकाळत चालले होते. सकाळी दवाखान्यात हेच लाल डोळे घेऊन बसणार होते, दिसेल त्याच्यावर खेकसणार होते. त्यांच्याही घरात दिवा लावून वाट बघणारं कोणी नव्हतं. मी दोन पावलं पुढं झालो आणि कंदील त्यांच्या पायाशी धरला.

दुसऱ्या रात्री ते बॅग घेऊन हजर.

"चल. कॉल आलाय."

"कुठं?"

"लोहाऱ्याला."

"सायेब, लोहाऱ्याला काल गेलतो."

त्यांनी बॅगेची कडी उघडली, परत लावली. "मग कापड्याला."

"कापड्याला कोन आजारी हाय?"

"ते तिथं गेल्यावर बघू," डॉक्टर म्हणाले.

मी कंदिलाची काच पुसली, वात वर केली आणि खोलीचं दार ओढून घेतलं.