भिंगरीचा स्वेटर

स्वेटर हे नुसतं निमित्त आहे, हे बायकोने तोंडावर सांगितलं होतं.

"उन्हाळी शिबिराला गेलेल्या पोरीला स्वेटर कोण नेऊन देतं? पालकांनी मध्ये फिरकायचं नाही, असं तिथल्या ताईंनी बजावलंय ना?"

"डोंगरातली हवा सांगता येत नाही," तो म्हणाला. "आणि मी थांबतोय कुठे? देईन आणि येईन."

ऑफिसात त्याला सगळे काळजीवाहू म्हणत. विमा कंपनीच्या अपघात विभागात कारकुनी करून करून, माणूस कशाकशाने जाऊ शकतो याचं त्याला इतकं ज्ञान झालं होतं की घरातला बल्बसुद्धा बायकोच बदलत असे. अशा माणसाच्या एकुलत्या एका पोरीने हट्ट करून जंगलातलं निसर्ग शिबिर गाठलं होतं. पोर एका जागी म्हणून ठरत नसे, त्यामुळे घरात तिचं नाव भिंगरी पडलं होतं. ती रडून घरी यायला निघावी आणि आपण नेमके तिथे हजर असावं, असा त्याचा खरा बेत होता. (तो त्याने स्वतःलाही पुरता सांगितला नव्हता.)

बसने त्याला वळणावर सोडलं तेव्हा दिवस चांगला वर आला होता, पण धुकं हटलं नव्हतं. शिबिराचं फाटक सताड उघडं होतं. आत तंबू होते, तंबूंपुढे चपला-बूट ओळीने मांडून ठेवलेले होते, पण माणूस म्हणून कोणी नव्हतं.

"कोणी आहे का?"

लांब टेबलावर दुधाचे पेले अर्धवट टाकलेले होते. त्याने एकाला बोट लावून पाहिलं, तर दूध अजून कोमट होतं. झाडाला टांगलेला दोराचा झोका सावकाश मागे-पुढे होत होता, आणि वारा तर पानालाही शिवत नव्हता.

तो एकेका तंबूत डोकावला. शेवटच्या तंबूत भिंगरीची पिशवी दिसली. शेजारी तिचं पांघरूण नीट घडी घालून ठेवलेलं होतं. भिंगरीने जन्मात कधी कशाची घडी घातली नव्हती.

तंबूंच्या मागे चिखलाचा खड्डा होता. काठावर लहान लहान हातांचे ठसे उमटले होते, कोणीतरी ओरबाडून चिखल उचलावा तसे. अनवाणी पावलं तिथून झाडीकडे गेली होती आणि पाचोळ्यापाशी ती संपली होती. सगळी जाणारी होती, परतणारं एकही नव्हतं. त्याने बायकोला फोन लावला, पण रेंज नव्हती. मग स्वेटर छातीशी धरून तो आत शिरला.

आत पाखराचाही आवाज नव्हता. आपल्याकडे कोणीतरी बघतंय असं त्याला वाटू लागलं, आणि ते एकटं नाही असंही वाटू लागलं. डावीकडच्या झुडपाने श्वास घेतला. तो थबकला, तसं झुडूपही थबकलं. मागे कुठेतरी शिंक यायला लागली आणि मध्येच गिळली गेली. भुतं शिंकत नाहीत, असं त्याने मनाला समजावलं. (शिंक गिळतात की नाही, याबद्दल त्याला खात्री नव्हती.)

कपाळाचा घाम पुसायला हात मोकळे हवेत म्हणून त्याने स्वेटर जवळच्या वाळक्या फांदीला अडकवला. फांदी किंचित खाली गेली. मग ती हळूच पुन्हा वर आली.

काळजीवाहू मटकन खाली बसला.

"भिंगरे," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "कुठे असशील तिथून ये गं. तुला कुत्रं आणतो. दोन आणतो. तू गेल्यापासून मला जेवण जात नाही. मी दिवा लावून झोपतो. तुझ्या आईला वाटतं, मी वाचतोय. मला भीती वाटते गं एकट्याला." एवढं बोलून तो ढसाढसा रडला.

आणि शिट्टी वाजली.

शिट्टी त्या फांदीने वाजवली होती. पाठोपाठ झुडपांना डोळे फुटले. मातीचे ढिगारे उठून उभे राहिले, बुंध्यांना पाय आले आणि सगळं जंगल चिखलाने माखलेल्या तोंडांनी त्याच्याभोवती गोळा झालं. आपण किंचाळलो नाही, असं तो आजही सांगतो.

"आम्ही झाडं झालो होतो," हातावरचा स्वेटर सावरत शिबिराच्या ताई कानात पुटपुटल्या. "शिट्टीपर्यंत जो हलेल तो बाद. तुम्हाला खूण करणार होते, पण मीही खेळत होते. मी आजवर कधी बाद झालेले नाही हो."

त्याच्या अगदी शेजारचा ढिगारा म्हणजे भिंगरी होती. हात लांबवला असता तर लागली असती. केसांत पाचोळा, तोंडभर चिखल आणि गालांवर दोन स्वच्छ ओल्या रेघा.

"ऐकत होतीस?" त्याने हळूच विचारलं.

"हो."

"मग हलली का नाहीस?"

"बाद झाले असते ना, बाबा," ती आणखी हळू म्हणाली.

त्याला अभिमान वाटला आणि वाईटही वाटलं, आणि त्यातलं जास्त काय वाटलं ते त्याला ठरवता आलं नाही. घरी चल म्हणायला आता तोंड उरलं नव्हतं.

"ताई, हे कोण?" एका चष्मेवाल्या मुलीने विचारलं.

भिंगरी हे घरातलं नाव, ते इथे कोणालाच ठाऊक नव्हतं. पोरीने बापाकडे पाहिलं. दिवा लावून झोपणाऱ्या माणसाची मुलगी म्हणून सगळं शिबिर आपल्याला चिडवेल, या भीतीने तिचा चेहरा चिखलाखालीही उतरलेला त्याला दिसला.

"मी शिबिराचाच माणूस," तो उठत म्हणाला. "तुम्हाला हलवायला मुद्दाम बोलावलं होतं."

भिंगरीने श्वास सोडला. ताईंनी मान डोलावली. मुलांनी टाळ्या पिटल्या.

"काल वाघाचा आवाज लावला होता, त्यापेक्षा हे भारी होतं," चष्मेवाली म्हणाली. "ते दिव्याचं तर एकदम मस्त. फक्त शेवटी रडलात ना काका, ते काही खरं वाटलं नाही."