मुकादमाला बघायला

आजाऱ्याची सेवा माझ्या रक्तातच आहे, असं मी रिद्धीला छातीठोकपणे सांगितलं. ती बॅग भरत होती. बॅगेची चेन ओढत ती एवढंच म्हणाली, "दादा, माझा पहिला पगार गेलाय त्याच्यात. तो गेला, तर तूही घरी थांबू नकोस."

'तो' म्हणजे मुकादम. मुकादम हा ॲक्सोलॉटल आहे. म्हणजे वीतभर लांबीचा, गुलाबीसर पांढरा, चार पायांचा आणि शेपटीचा पाण्यातला प्राणी. सरडा अंघोळीला गेला आणि परत यायचं विसरला, तर असाच दिसेल. मानेच्या दोन्ही बाजूंना लाल पिसांसारखे तीन-तीन तुरे असतात. ते त्याचे कल्ले. दिवसभर तळाशी बसून दुसऱ्यांची कामं बघायची आणि हसायचं, एवढंच तो करतो, म्हणून नाव मुकादम! उल्हासनगरच्या दुकानदारानं रिद्धीला तो विकताना सांगितलं होतं, "साईं, मेंटेनन्स एकदम झिरो!" ही गोष्ट जानेवारीतली. अंबरनाथमध्ये मे महिनासुद्धा असतो, हे सांगायचं तो विसरला असावा.

मेमध्ये मुकादमाचे तुरे झडायला लागले. त्यांवर पांढरा कापूस धरला. डॉक्टर फोनवर म्हणाले, "बुरशी आहे. पाणी अठरा डिग्रीच्या वर जाता कामा नये. बिनआयोडीनच्या मिठाच्या पाण्यात दिवसातून दोनदा दहा मिनिटं ठेवा. आणि त्याला शांतता द्या." रिद्धी ट्रेनिंगसाठी आठ दिवस पुण्याला निघाली होती. आम्ही टाकी बेडरूममध्ये हलवली, कारण घरातला एकुलता एक एसी तिथं आहे. आईनं उपवासाचं सैंधव काढून दिलं. दोन दिवसांत पाणी अठरावर आलं, कापूस कमी झाला, मुकादम हसत होता. अर्थात तो नेहमीच हसतो, त्यामुळे त्यावरून काही कळत नाही.

तिसऱ्या दिवशी आईनं स्टेटस ठेवलं. मुकादमाचा फोटो, खाली हात जोडलेले आणि मजकूर : 'आमचा मुकादम सीरियस आहे. प्रार्थना असू द्यावी.'

आमच्याकडे कुणी आजारी पडलं की त्याला बघायला जातात. न जाणं म्हणजे सात पिढ्यांचं वैर. अर्ध्या तासात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे बाळकाका आणि माई, हातात शहाळं!

"कुठाय पेशंट?" बाळकाकांनी हळू आवाजात विचारलं. ते सोसायटीचे सेक्रेटरी. वर्गणी मागताना ज्या आवाजाची आम्ही वाट बघतो, तो आवाज त्यांनी आजाऱ्यांसाठी राखून ठेवलाय.

बेडरूममध्ये आल्यावर दोघांनी आधी एसीकडे बघितलं आणि मग मुकादमाकडे.

"माझ्या साडूचं अस्संच झालं होतं," बाळकाका पलंगावर बसत म्हणाले.

"त्यांचे कल्ले झडले होते?"

"नाही, किडनी. पण चेहरा असाच उतरलेला."

"शहाळ्याचं पाणी टाकीत ओतू का थोडं?" माईंनी विचारलं. मी टाकीवर आडवा झालो. मग त्या म्हणाल्या, "बसू थोडा वेळ. आजाऱ्याला सोबत हवी." आणि थोडा वेळ म्हणजे सव्वादोन तास बसल्या. शहाळं त्यांनीच प्यायलं. बाहेर एकोणचाळीस डिग्री होतं, आत स्वर्ग! मी टाकीतल्या थर्मामीटरकडे बघितलं. एकोणीस!

दुसऱ्या दिवशी वांगणीहून बुधाजीमामा आणि पुतळामामी आली, सोबत त्यांच्या वाड्यावस्तीतली सात माणसं.

"आमी बघाला आयलू," मामी म्हणाली. मामांनी टाकीत वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आरं, यो तं निवटा!"

निवटा हा खाडीच्या चिखलातला मासा. आमच्या घराण्यात त्याला जावयापेक्षा जास्त मान आहे, फक्त तो ताटात असतो.

"मामा, हा निवटा नाही."

"नाय कसा? निवट्याला पिसां फुटलीत. कालवन..."

"मामा!"

"मी काय बोल्लूच नाय," मामा म्हणाले आणि बराच वेळ त्याच्याकडे त्याच नजरेनं बघत राहिले. तेवढ्यात मामीनं कमरेची पिशवी सोडून हळदीची चिमूट काढली. "जखम हाय नं? दाब हळद!" मी तिचा हात वरच्या वर धरला. चिमूट माझ्या डोळ्यात गेली.

मग सगळे खाली बसले. नऊ माणसं, नऊ श्वास, वर आईचा चहा! वाफाळणारे कप टाकीच्या झाकणावर ठेवलेले! एकवीस. संध्याकाळी बाळकाका "आता कसं आहे?" म्हणत मित्रांना घेऊन आले. एसीनं घशातून विचित्र आवाज काढला. बावीस! मुकादमाच्या उरल्यासुरल्या तुऱ्यांवर पुन्हा कापूस दिसायला लागला. एक तुरा तर मुळापासून वाकला होता, आणि मुकादम पाण्याच्या वर येऊन हवा गिळायला लागला.

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "डब्यात घाला आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. रोज थंड पाणी बदला. नाहीतर दोन दिवस काढणार नाही. आणि माणसं हटवा आधी!"

माणसं हटवा! मी प्रयत्न केला. "त्याला आराम हवाय," म्हटलं. "हो हो, आम्ही बोलत नाही," म्हणून सगळे न बोलता बसले. "संसर्गजन्य आहे," म्हटलं. माईंनी नाकाला पदर लावला आणि पाय वर घेतले. शेवटी पाणी बदलायचं निमित्त करून मी मुकादमाला पोळ्यांच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलं, बेडरूमच्या दारात उभा राहिलो आणि खाली मान घालून म्हणालो, "गेला."

आईला मी डोळ्यांनी खूण केली होती. तिला ती जरा जास्तच कळली. तिनं असा हंबरडा फोडला की मलाच रडू आलं.

मला वाटलं, संपलं. आजारीच नाही, तर बघायला कोण येणार? पण एक गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. बघायला येणारे निदान जायला मोकळे असतात. सांत्वनाला येणाऱ्यांना उठायचं कसं तेच माहीत नसतं!

तासाभरात एसीची बेडरूम आणि हॉल, दोन्ही भरले. मामी जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशी रडली. बाळकाकांनी नोटीस बोर्डावर 'सोसायटीचे लाडके मुकादम यांचे दुःखद निधन' लावलं. कालपर्यंत हेच काका 'पाळीव प्राण्यांना मनाई' या ठरावाचा मसुदा लिहीत होते.

"विधी कुठे केला?" त्यांनी विचारलं. "आवारात पुरायचं तर कमिटीची परवानगी लागते."

"घरच्या घरी केला."

तेवढ्यात माई पातेलंभर पिठलं आणि भाकऱ्या घेऊन आल्या. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. "उरलेलं फ्रिजमध्ये ठेवते हं," म्हणत त्यांनी फ्रिजच्या दाराला हात घातला.

मी उडी मारली! आयुष्यात पहिल्यांदाच. फ्रिजला पाठ लावून, दोन्ही हात पसरून मी ओरडलो, "उघडू नका! सुतक आहे!"

"सुतकात फ्रिज उघडत नाहीत?"

"आमच्यात नाही उघडत. एसीही लावत नाहीत. गेलेल्याला थंडावा... म्हणजे त्याचा आत्मा अडकतो."

सगळ्यांनी बुधाजीमामांकडे बघितलं. घरातलं मोठं माणूस तेच. मामांनी ही प्रथा जन्मात ऐकली नव्हती. पण आपल्याच माणसांतली प्रथा आपल्याला माहीत नाही, हे चारचौघांत कबूल कसं करणार? त्यांनी घसा खाकरला.

"व्हय. लय जुनी रीत हाय. आमचा आजा गेला तवाबी फ्रिज बंदच होता."

मामांचा आजा गेला तेव्हा वांगणीत वीज आली नव्हती. पण कुणी हिशेब केला नाही. मी जाऊन एसी बंद केला. सात मिनिटांत घर रिकामं झालं! दुःख होतं, पण घाम त्याहून जास्त होता.

मग चार दिवस नुसतं सुख. कुणी येईना. रोज पहाटे मी डबा काढायचो, गार पाणी बदलायचो, परत कप्प्यात ठेवायचो. तिकडे प्रथा पसरली. तिसऱ्या विंगेत कुणाच्या तरी आत्या गेल्या, तर त्यांच्याकडे तीन दिवस फ्रिज बंद! दूध नासलं, पण परंपरा टिकली.

पाचव्या दिवशी रिद्धी आली. फोनवर मी तिला सगळं सांगितलं होतं, पण सोसायटीच्या ग्रुपवर मुकादमाच्या फोटोला हार घातलेला बघून ती माझ्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हती. चपला न काढता ती फ्रिजपाशी गेली. तिनं डबा उघडला. मुकादम बसला होता, हसत. कापूस साफ गेलेला, वाकलेला तुरा ताठ, आणि सगळे लालबुंद झालेले. डब्यात कुणी जास्वंद सोडलंय असं वाटत होतं.

"दादा..." ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी म्हटलं ना, सेवा माझ्या रक्तातच आहे!

पण आनंदाच्या भरात तिनं फोटो ग्रुपवर टाकला : 'मुकादम जिवंत आहे!!!'

बेल वाजली. दारात मामी, हातात नारळ आणि उदबत्ती. मागे जिन्यापर्यंत रांग.

"मेला आन् पाचव्या दिशी परत आयला!" मामी गहिवरून म्हणाली. "दर्शन तरी घ्यायला पायजे!"

आता लोक बघायला येत नाहीत, दर्शनाला येतात. चपला बाहेर काढतात. एसी पुन्हा सुरू आहे, भक्तांना उकडतं. बाळकाका टोकन देतात. डॉक्टर म्हणाले अजून पंधरा दिवस थंडच ठेवा, म्हणून मुकादम फ्रिजमध्येच आहे, तब्येत ठणठणीत. बेडरूममधल्या टाकीत आज नऊ दिवस नुसतं पाणी आणि एक प्लॅस्टिकचं झाड आहे. अजून एकाही माणसाच्या लक्षात आलेलं नाही. उलट, माई परवा सांगत होत्या की त्यांच्याकडे बघून मुकादमानं डोळा मिटला, म्हणजे नातवाचं ॲडमिशन नक्की!

मुकादमाला पापण्याच नाहीत, हे मी त्यांना सांगणार होतो. पण मग टाकीत मुकादमही नाही, हे आधी सांगावं लागलं असतं.