अण्णांचं ट्यूनिंग

सून दाढ काढायला दवाखान्यात गेली आणि तिच्या माघारी तिच्या कम्प्युटरचं भलं करायचं अण्णांनी ठरवलं.

अण्णा निवृत्त संगीतशिक्षक. सून घरबसल्या भाषांतरं करायची. तिचा कम्प्युटर जुना आणि कमालीचा संथ. "हे मशीन एक दिवस माझा जीव घेणार," असं ती रोज करवादायची. अशात त्यांच्या हाती 'जुन्या कम्प्युटरच्या मेमरीचं ट्यूनिंग' हा लेख पडला. लेख अर्धामुर्धाच कळला, पण ट्यूनिंग म्हटल्यावर त्यांना हुरूप आला. आयुष्य पेट्यांचे सूर लावण्यात गेलेलं. या डब्याची काय बिशाद!

त्यांनी लेखात सांगितल्याप्रमाणे मशीन सुरू होतानाच कीबोर्डवरचं एक बटण दाबलं. निळा पडदा आला, त्यावर आकड्यांची रांग. मेमरीने किती थांबून उत्तर द्यायचं, याचे ते आकडे. आकडा लहान, तितकं मशीन चपळ, असं लेखात होतं. मग कंजुषी कशाला? अण्णांनी सगळे आकडे होतील तितके लहान केले आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

पडदा काळा झाला. आतून एक लांब आणि तीन आखूड शिट्ट्या येऊ लागल्या. त्याही बेसूर.

सुनेला एका वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं, आणि ते सगळं याच डब्यात होतं. अण्णांनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"घाबरू नका काका," तो म्हणाला. "वायर काढा, झाकण उघडा. आत नाण्याएवढी बॅटरी दिसेल. ती काढा, थोडं थांबा, परत बसवा. सगळं मूळपदावर येईल."

बॅटरी निघाली खरी, पण अण्णांच्या बोटांतून सुटून घरंगळत कपाटाखाली गेली. ते जमिनीवर पालथे पडून पट्टीने कपाटाखाली ढोसत होते, तेवढ्यात बायको दारात आली.

"अहो, काय चाललंय? उंदीर आहे की काय?"

"हो," अण्णा बोलून गेले.

बायको किंचाळून पलंगावर चढली. "मेला तिथे कम्प्युटरमध्ये शिरला असेल! म्हणून उघडलात ना तो?"

"हो," अण्णा पुन्हा म्हणाले. आता दुसरं काय म्हणणार?

नेमकी तेव्हाच गाल सुजलेली, तोंडात बोळा धरलेली सून घरात आली. पलंगावर झाडू उगारून सासू, जमिनीवर सासरे आणि टेबलावर आतडी बाहेर काढलेला कम्प्युटर.

"ऊं?" ती एवढंच म्हणू शकली.

त्या 'ऊं'पुढे अण्णांचं खोटं टिकलं नाही. "उंदीर नाही गं, मीच," ते म्हणाले. "तुझा त्रास बघवत नव्हता. म्हटलं, जरा सूर लावून द्यावा."

सुनेने पदर खोचला, कपाट सरकवलं, बॅटरी उचलून अण्णांच्या हातात दिली. अण्णांनी ती बसवली, झाकण लावलं, वायर जोडली आणि डोळे मिटून बटण दाबलं.

डोळे उघडले तर मशीन सुरू होऊन सुनेची वाट बघत होतं. भाषांतराची फाइल तर बोट टेकताच उघडली. सून खुर्ची ओढून लगेच कामाला बसली.

"प्रोसेसरची स्वतःची एक छोटी, वेगवान मेमरी असते," दुरुस्तीवाल्याने फोनवर उलगडा केला. "ती पूर्वी कुणाच्या तरी हातून बंद झाली असणार. बॅटरी काढली आणि ती आपोआप चालू झाली. नशीबवान आहात काका!"

भाषांतर वेळेआधीच गेलं. अण्णा चार दिवस घरात गुणगुणत फिरत होते. पाचव्या दिवशी जेवायला बसले, तर ताटात नुसता भात.

"भाजी?"

"भाजी कोण निवडणार?" बायको म्हणाली. "मशीन चालू होईस्तोवर सूनबाई भाजी निवडायची, फाइल उघडेस्तोवर कपड्यांच्या घड्या घालायची. आता ते तिला थांबायलाच लावत नाही, तर ती तरी कशी उठणार?"

आतल्या खोलीतून कीबोर्डची टकटक अखंड ऐकू येत होती. बायकोने मटारच्या शेंगांचं भलंमोठं पातेलं अण्णांपुढे सरकवलं.

"घ्या सोलायला. आणि घड्या घालायचे कपडे पलंगावर आहेत."